त्रिग्लावच्या वाटेवरचे द्विवचन

जुलै २०२५ मध्ये मी स्लोव्हेनियात जवळजवळ चार आठवडे राहिले. त्यांपैकी पहिले दोन आठवडे राजधानी ल्युब्ल्यानामध्ये स्लोव्हेन भाषेच्या वर्गात गेले आणि उरलेले दिवस ज्युलियन आल्प्स या पर्वतरांगेत, धाकट्या बहिणीसोबत. मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करते. वय सत्तेचाळीस, चालण्याचा सराव सह्याद्रीतला, आणि त्याआधीचा परदेशप्रवास शून्य. तयारीच्या आठ महिन्यांत ज्या गोष्टी विचारायला कोणी नव्हते, त्या कोणाच्या तरी उपयोगी पडाव्यात म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्लोव्हेनच का, हा प्रश्न मला व्हिसाच्या खिडकीपासून विमानतळापर्यंत प्रत्येकाने विचारला. शाळेत आठवी ते दहावी संस्कृत शिकताना आम्हां सगळ्यांनाच द्विवचन, म्हणजे नेमक्या दोघांसाठीचे वेगळे रूप, ही परीक्षकांनी मुलांना छळण्यासाठी काढलेली युक्ती वाटत असे. पुढे कधीतरी वाचनात आले की युरोपात सुमारे वीस लाख लोकांची एक भाषा अशी आहे, जिच्यात द्विवचन आजही भाजीबाजारात आणि बसथांब्यावर वापरले जाते. मराठीने ते टाकून दिले, बहुतेक युरोपीय भाषांनीही टाकले, स्लोव्हेनने ठेवले. ते एकदा कानांनी ऐकावे, एवढीच इच्छा होती. त्या देशाच्या ध्वजावर एका डोंगराचे चित्र आहे आणि त्या डोंगराचे नाव त्रिग्लाव, म्हणजे तीन डोक्यांचा, आपल्या भाषेत त्रिशीर्ष, हे कळल्यावर इच्छेचा बेत झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अभ्यास सुरू केला. ल्युब्ल्याना विद्यापीठात स्लोव्हेन ही दुसरी किंवा परकी भाषा म्हणून शिकवणारे एक केंद्र आहे. त्याचा ‘स्लोनलाइन’ नावाचा पाठ्यक्रम आंतरजालावर विनामूल्य आहे. शब्दकोशासाठी ‘फ्रान’ हे संकेतस्थळ, तेही विनामूल्य. रोज पहाटे पाऊण तास, एवढाच नेम ठेवला. पहिल्या आठवड्यात ‘असणे’ या क्रियापदाची रूपे आली: एकवचनात ‘सेम, सि, ये’, द्विवचनात ‘स्वा, स्ता, स्ता’, अनेकवचनात ‘स्मो, स्ते, सो’. मी वहीत शेजारी ‘अस्मि, असि, अस्ति, स्वः, स्थः, स्तः, स्मः, स्थ, सन्ति’ असे लिहिले आणि बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत बसले.

मराठी माणसाला आणखीही काही गोष्टी आयत्या मिळतात. तीन लिंगे आपल्याकडे आहेतच. ‘काय’ला स्लोव्हेनमध्ये ‘काय’ म्हणतात, आणि ‘काय ये तो?’ म्हणजे ‘काय आहे ते?’ त्यांच्या लिपीत दोन वेगळे च आहेत, एक ‘चमचा’तला आणि एक ‘चिमणी’तला, आपण दोन्ही जन्मापासून उच्चारतो, फक्त लिहिताना भेद करत नाही. (या लेखात साविचा, क्रेदारिचा अशी नावे येतील, त्यांतला च चमच्यातला वाचावा.) एकवीसला ते ‘एनाइनद्वायसेत’, म्हणजे ‘एक आणि वीस’ म्हणतात. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक’ पद्धतीवरून केवढा वाद झाला होता ते आठवले. माझ्या कानांना चोवीस किंवा पस्तीस उलट्या क्रमाने ऐकण्याचा त्रास मुळीच झाला नाही; इंग्रजीवर वाढलेल्या सहाध्यायांना मात्र शेवटच्या दिवसापर्यंत होत होता.

याउलट जे अवघड आहे ते खरोखर अवघड आहे. सहा विभक्ती, तीन वचने आणि तीन लिंगे यांचा गुणाकार डोक्यात बसायला महिने लागतात. लेखनात दिसणारा ‘ल’ आणि ‘व’ शब्दाच्या शेवटी ‘उ’सारखा ऐकू येतो, त्यामुळे त्रिग्लावचे नाव तेथील लोकांच्या तोंडी ‘त्रिग्लाउ’ असे होते आणि मला ते पहिल्यांदा ओळखूही आले नाही.

फेब्रुवारीत वर्गासाठी नाव नोंदवले आणि शुल्क आगाऊ भरले. केंद्राकडून आलेले प्रवेशपत्र आणि शुल्काची पावती ही व्हिसाच्या अर्जातली सर्वांत वजनदार कागदपत्रे ठरली. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम असल्यामुळे साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा, पुरतो. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा, हा नियम पक्का ध्यानात ठेवावा. माझे विमान फ्रँकफुर्टमार्गे होते म्हणून एका प्रवासी एजंटाने जर्मनीकडे अर्ज करा असे सांगितले होते; ते चूक होते.

नोकरी नसलेल्यांसाठी थोडे अधिक लिहिते. माझ्याकडे वेतनचिठ्ठी नाही, नियोक्त्याचे पत्र नाही. मी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचा बँकेचा शिक्का मारलेला खातेउतारा, सनदी लेखापालाचे उत्पन्नाचे पत्र, आणि दोन प्रकाशकांकडून ‘ऑगस्टपासून पुढील कामे यांच्याकडे सोपवली आहेत’ अशा आशयाची पत्रे जोडली. शेवटची दोन पत्रे यादीत नव्हती. परत येण्याचे कारण दाखवणे हा अर्जाचा गाभा असतो आणि घर-नोकरीच्या कागदांनी ते दाखवता येत नसेल तर दुसरा मार्ग शोधावा लागतो. खात्यात शेवटच्या क्षणी मोठी रक्कम भरू नये. माझ्या खात्यात मार्चमध्ये एक मुदतठेव मोडून आलेली रक्कम होती, तिचा खुलासा मी एका ओळीत आवेदनपत्रातच लिहिला. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना डोंगरात चालणे त्यात समाविष्ट आहे का आणि किती उंचीपर्यंत, हे लेखी विचारून घ्यावे, कारण स्वस्त विम्यांत बहुधा तो भाग वगळलेला असतो. माझ्या विम्याला सुमारे साडेतीन हजार रुपये पडले. छायाचित्र ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे, आणि चष्म्यावर चमक आली म्हणून मला ते दोनदा काढावे लागले.

बहीण कोल्हापूरला एका कार्यालयात नोकरीला आहे. तिला ना हरकत प्रमाणपत्र हवे होते. ते मिळायला पाच आठवडे लागले. सही करणारे अधिकारी रजेवर, मग बदली, मग नवे अधिकारी मागील फाइल शोधण्यात. पर्यायाने आम्ही ठरवलेली भेटीची पहिली वेळ रद्द करून २८ एप्रिलची घेतली. मुंबईतील अर्ज केंद्रात सकाळी साडेनऊला पोहोचलो आणि दुपारी एकला बाहेर पडलो. व्हिसाचे शुल्क ९० युरो, म्हणजे तेव्हा साडेआठ हजार रुपयांच्या घरात, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. बोटांचे ठसे घेतले. खिडकीपलीकडच्या मुलीने भाषेच्या वर्गाचे पत्र वाचून, ‘शिकून पुढे काय करणार?’ असे मराठीतच विचारले. मला उत्तर सुचले नाही.

८ मे रोजी निरोप आला: डोंगरातील चार रात्रींच्या निवासाचा पुरावा द्यावा. ही अडचण मला आधी सुचायला हवी होती. हॉटेलांच्या आरक्षणाची छापील पावती मिळते, पण पर्वतातील निवासांचे, ज्यांना तिथे ‘कोचा’ किंवा ‘दोम’ म्हणतात, आरक्षण तेव्हा मी फक्त दूरध्वनीवर विचारून ठेवले होते. त्या रात्री मी शब्दकोश मांडीवर घेऊन चार ओळींचा ईमेल स्लोव्हेनमध्ये लिहिला आणि दोन निवासांना पाठवला. एकाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यात एक वाक्य होते, ‘रेझेर्विरानो झा द्वे ओसेबि’, म्हणजे ‘दोन व्यक्तींसाठी राखून ठेवले आहे’. ‘ओसेबा’ म्हणजे व्यक्ती. स्त्रीलिंगी शब्द, द्विवचनात ‘ओसेबि’. पाठ्यपुस्तकाबाहेर, कोणा खऱ्या माणसाने खऱ्या कामासाठी लिहिलेले पहिले द्विवचन मला असे भेटले, आणि तेही व्हिसाच्या कार्यालयासाठी छापून जोडायच्या कागदावर. दुसऱ्या निवासाचे उत्तर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी कामाच्या एका पुस्तकात इतक्या चुका सोडल्या की लेखकाने विचारले, बरे आहे ना सगळे?

२२ मे रोजी दोघींची पारपत्रे परत आली. व्हिसा आहे की नाही हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. बहिणीने तिचे पाकीट माझ्यासमोर फोडायचे म्हणून दोन दिवस तसेच ठेवले आणि रविवारी कोल्हापूरहून घेऊन आली. दोन्हींत व्हिसा होता.

५ जुलैच्या रात्री मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ल्युब्ल्यानाला उतरले. भारतातून थेट विमान नाही. परतीच्या तिकिटाला चौऱ्याहत्तर हजार रुपये पडले. व्हेनिस किंवा झाग्रेबला उतरून बसने गेल्यास काही वेळा स्वस्त पडते.

वर्गात आम्ही बाराजण होतो. दोघे अर्जेंटिनाचे, ज्यांचे आजी-आजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर स्लोव्हेनियातून गेले होते. एक पोलिश विद्यार्थिनी. स्लोव्हेन जावयाशी बोलता यावे म्हणून आलेल्या एक जर्मन आजी. तिसऱ्या दिवशी शिक्षिकेने द्विवचन काढले तेव्हा वर्गात उसासे निघाले आणि मी मात्र सरसावून बसले. एक ते चार या संख्यांना लिंगाप्रमाणे रूपे आहेत आणि पाचपासून ती एकसारखी, हे तर एकः-एका-एकम्, द्वौ-द्वे, त्रयः-तिस्रः-त्रीणि पाठ केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. ‘दोन बहिणींसोबत’ला ‘झ द्वेमा सेस्त्रामा’ म्हणतात आणि ‘दोन बहिणींना’ म्हणायचे तरी ‘द्वेमा सेस्त्रामा’च, आपल्या ‘भ्याम्’सारखेच एक रूप अनेक विभक्तींचे ओझे वाहते. मात्र हे सगळे कागदावर. तोंड उघडले की संस्कृत मागे राही आणि मी अडखळे. उपाहारगृहात दोन चहा मागायचे तर ‘द्वा चाया’, तीन असतील तर ‘त्रि चाये’, पाच असतील तर ‘पेत चायेव्ह’. मी पहिला आठवडाभर एकच चहा मागितला.

दुसरी अडचण अशी की ल्युब्ल्यानात सगळे उत्तम इंग्रजी बोलतात आणि तुमचे तुटके वाक्य ऐकताच सौजन्याने इंग्रजीवर येतात. त्यावर शिक्षिकेने एक वाक्य दिले: ‘लाह्को गोव्होरिवा स्लोव्हेन्स्को?’ म्हणजे ‘आपण दोघांनी स्लोव्हेनमध्ये बोलले तर चालेल का?’ ‘गोव्होरिवा’ हे क्रियापदच द्विवचनात आहे, त्यामुळे विचारणारी आणि ऐकणारा या दोघांची जोडी प्रश्नातच तयार होते. हे वाक्य मी महिनाभरात शंभरएक वेळा वापरले असेल. नकार एकदाही मिळाला नाही, हसू पुष्कळदा मिळाले.

१९ जुलैला बहीण आली. ‘मिद्वे स्वा सेस्त्री’, आम्ही दोघी बहिणी आहोत, हे वाक्य मी तिला विमानतळावरच शिकवले; ‘आवां स्वसारौ स्वः’ अशी त्याची संस्कृत जोडही सांगितली. तिने संस्कृत दहावीनंतर शपथेवर सोडले होते. ‘ताई, मला फक्त पाणी कुठे आहे आणि संडास कुठे आहे एवढे शिकव,’ असे ती म्हणाली.

पहिले चार दिवस आम्ही क्रान्स्का गोरा आणि त्रेंता या गावांत काढले. दोहोंमधली व्हर्शिच खिंड १,६११ मीटर उंचीवर आहे आणि तिच्या रस्त्याला पन्नास वळणे आहेत, प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलनात त्यांच्यातील अनेक गाडले गेले आणि उरलेल्यांनी त्यांच्यासाठी लाकडी प्रार्थनामंदिर उभारले. ते आजही वळणाशेजारी झाडीत उभे आहे. उन्हाळ्यात खिंडीवरून बस जाते, तरी तिचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून घ्यावे. त्रेंताहून सोचा नदीच्या काठाने चाललो. पाण्याचा रंग छायाचित्रांत खोटा वाटतो, प्रत्यक्षातही खोटाच वाटतो.

२३ तारखेला बोहिन्य सरोवराकाठी मुक्काम हलवला. तेथील घरमालकीण साठीच्या पुढच्या, पाहुण्यांसाठी वरचा मजला भाड्याने देणाऱ्या. पहिल्या संध्याकाळी त्या आपल्या आईबद्दल बोलत होत्या आणि ‘मामा सो रेक्ली’ म्हणाल्या. ‘मामा’ म्हणजे आई. पण क्रियापद अनेकवचनी. मला वाटले माझी ऐकण्यात चूक झाली. विचारल्यावर कळले की या भागात जुनी माणसे वडीलधाऱ्यांबद्दल आदरार्थी अनेकवचन वापरतात. ‘आमच्याकडेही सासूबाई म्हणाल्या, असेच म्हणतात,’ हे सांगताना माझी तीन वाक्ये चुकली. तरी त्यांना ते पोहोचले, कारण मग त्यांनी त्यांच्या सासूबाईंबद्दल सांगायला सुरुवात केली आणि त्यातले मला निम्मेच समजले, तेवढेही पुरेसे होते.

२४ आणि २५ जुलैला सरावासाठी साविचा धबधब्याच्या बाजूने कोम्ना पठारावर आणि तेथून त्रिग्लाव सरोवरांच्या निवासापर्यंत गेलो. पहिल्या महायुद्धात लष्करी रसद नेण्यासाठी बांधलेली खेचरवाट वळणे घेत सावकाश १,५२० मीटरवरच्या ‘दोम ना कोम्नि’पर्यंत चढते; लिंगाणा-रायगड फिरलेल्यांना ती राजमार्ग वाटेल. वाटेवर पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडे, अशी खूण सर्वत्र असते. १९२२ पासून तीच चालत आली आहे. पाट्यांवर तीन शब्द नीट वाचावेत: ‘लाह्का’ म्हणजे सोपी, ‘झाह्तेव्ह्ना’ म्हणजे अवघड, ‘झेलो झाह्तेव्ह्ना’ म्हणजे फार अवघड. तिसऱ्या प्रकारात लोखंडी दोर आणि खुंट्या धरून चढावे लागते व तिथे हेल्मेट, हार्नेस हवेच. आपत्तीसाठी क्रमांक ११२.

निवासांची शिस्त अशी: बूट दाराशी काढायचे, अंथरुणावर आपली पातळ चादरपिशवी आणायची, नसेल तर विकत किंवा भाड्याने मिळते, रात्री दहानंतर शांतता, रोख युरो जवळ बाळगावेत. डोंगर चुनखडीचा असल्यामुळे वर झरे जवळजवळ नाहीत, पावसाचे पाणी साठवतात, म्हणून पिण्याचे पाणी बाटलीतून विकत घ्यावे लागते आणि उंचीप्रमाणे किंमतही चढते. शाकाहारी माणसाने ‘ब्रेझ मेसा’, मांसाशिवाय, हे शब्द पाठ करावेत आणि तरीही पुन्हा विचारावे. कुट्टूच्या पिठाचे ‘झगान्ची’ हे जाडसर खाद्य दिसायला उकडपेंडीसारखे आणि निरुपद्रवी, पण त्यावर बहुधा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. ‘किस्लो म्लेको’ मागितले की साधारण दहीच मिळते. बहिणीने चार दिवस त्यावर काढले. शनिवार-रविवार टाळावेत, निम्मा देश डोंगरात असतो.

परत आल्यावर माझे पाय भरून आले होते. घरमालकिणीला मी काळजीपूर्वक जुळवून म्हटले, ‘नोगि मे बोलिता,’ माझे दोन्ही पाय दुखताहेत. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, ‘नोगे मे बोलियो.’ अनेकवचन. पाय, हात, डोळे, आईवडील अशा निसर्गतःच जोडीने असणाऱ्या गोष्टींना ते द्विवचन वापरत नाहीत. जोडी गृहीतच असते, ती पुन्हा कशाला सांगायची? संस्कृतात नेमके याच्या उलट, ‘नेत्रे’, ‘हस्तौ’, ‘पादौ’ यांनीच तर आपण द्विवचन शिकलो. आठ महिने ज्या काठीच्या आधाराने चालले, तिनेच त्या दिवशी पाडले. वहीतल्या दोन रकान्यांमध्ये मी तेव्हापासून तिसरा रकाना घातला, ‘जुळत नाही ते’, आणि परतेपर्यंत तो सर्वांत लांब झाला.

२८ जुलैला त्रिग्लावसाठी निघालो. उंची २,८६४ मीटर. वर लोखंडी दोरांचा भाग आहे आणि आम्हांला त्याची सवय नाही, म्हणून परवानाधारक मार्गदर्शक घेतला. दोघींचे मिळून दोन दिवसांचे सव्वाचारशे युरो, सामग्री त्यांची; हवामानामुळे शिखर न झाल्यास पैसे परत नाहीत, हे आधीच लेखी ठरले होते. रुद्नो पोल्येहून सकाळी सातला चालू लागलो. तीन तासांत वोद्निकोव्ह दोम, उंची १,८१७ मीटर. तिथे निवास सांभाळणाऱ्या बाईंकडे ‘द्वा चाया’ मागितले, न अडखळता. मार्गदर्शक पहिल्या तासात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले, डोंगरात वर गेल्यावर अहोजाहो सोडायची रीत आहे, असे ते म्हणाले. मराठी जिभेला, तेही पुरुषमाणसाला, पहिल्या तासालाच ‘तू’ म्हणणे जमेना, आणि माझी क्रियापदे दिवसभर त्या दोन्हींच्या मध्ये लोंबकळत राहिली.

दुपारी दोनला २,५१५ मीटरवरच्या क्रेदारिचाला पोहोचलो. तिथे देशातील सर्वांत उंच निवास आहे आणि हवामान केंद्रही. शिखर समोर, जेमतेम तासाभरावर. त्यावर १८९५ साली याकोब आल्याझ या धर्मगुरूंनी जागा विकत घेऊन उभारलेला लोखंडी मनोरा आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात शिखर स्लोव्हेन राहावे, ही त्यामागची धडपड. निवासाखाली उत्तरेकडे त्रिग्लावच्या हिमनदीचे उरलेले तुकडे दिसतात. जुने लोक तिला ‘झेलेनी स्नेग’, हिरवे बर्फ, म्हणत. १९४६ मध्ये मोजमाप सुरू झाले तेव्हा ती चौदा हेक्टरांहून अधिक होती, आता एक हेक्टरही नाही. हिमनदी आहे हे मार्गदर्शकांनी बोट दाखवून सांगेपर्यंत मला कळले नव्हते.

तीनला ढग दाटले आणि साडेतीनला गडगडाट सुरू झाला. जुलैत दुपारी हे नेहमीचे, म्हणून शिखर नेहमी सकाळी करतात. पहाटे पाचला उठलो तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हते. वारा, धुके, दोर ओलेचिंब. सहाला, सातला, आठला मार्गदर्शक दाराबाहेर जाऊन आले. साडेआठला त्यांनी मान हलवली. बहिणीने माझ्याकडे पाहिले. आठ महिने, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आणि उरलेला एक तास, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला हे कबूल करते, आणि मी एकदा विचारूनही पाहिले. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी उत्तरादाखल म्हण ऐकवली: ‘गोरा नि नोरा, नोर ये तिस्ति, कि ग्रे गोर.’ डोंगर वेडा नाही, वेडा तो जो वर जातो. पहिल्यांदा शिखर करणाऱ्याला तिथे दोराचे फटके देण्याची प्रथा आहे, ते तुमचे वाचले, असेही म्हणाले. मी वहीत निवासाचा शिक्का मारून घेतला. प्रत्येक निवासात असा शिक्का असतो, कोरी वही जरूर न्यावी.

उतरताना पाऊस होता. वोद्निकोव्ह दोमला पोहोचलो तेव्हा कालच्या बाईंनी आमचे ओले कपडे भट्टीपाशी टांगले आणि न मागता दोन चहा आणून ठेवले. शिखराबद्दल त्यांनी काही विचारले नाही. अशा हवेत वरून सकाळीच परतणाऱ्यांना काय विचारायचे असते! निघताना मी पैसे दिले, आभार मानले, आणि त्या दारातून हात हलवत म्हणाल्या, ‘प्रिदिता शे काय!’

‘या पुन्हा कधी तरी.’ आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, द्विवचन, ‘आगच्छतम्’. त्या बाईंनी त्यासाठी क्षणभरही विचार केला नव्हता. दारात दोघी होत्या, म्हणून तोंडातून ते निघाले. बहीण पुढे जाऊन बुटांचे बंद आवळत होती. तिने मागे वळून विचारले, ‘ताई, काय म्हणाल्या गं त्या?’

‘आपल्याला दोघींना बोलावलंय पुन्हा,’ मी म्हटले.

‘दोघींना कशावरून?’

उतरणीचा पुढचा अर्धा तास मी तिला ते सांगत होते.